मीठ-सागाचा तह

एका राज्यात समुद्र होता पण जंगल नव्हते, आणि त्याच्याच माथ्यावरच्या राज्यात जंगल होते पण समुद्र नव्हता. खालच्या राज्यात पांढरीशुभ्र मिठागरे क्षितिजापर्यंत पसरलेली असत. वरच्या राज्यात सागाची झाडे आभाळाला टेकलेली असत. दोहोंच्या मध्ये खिंड होती, खिंडीत दगडी दरवाजा होता आणि दरवाजाशेजारच्या गुहेत धूर्जट नावाचा जादूगार राहत असे. त्याचे वय कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ नीलपंख नावाचा पक्षी होता. त्या पक्ष्याला दोनच शब्द येत, 'खरे' आणि 'खोटे'. पण त्या दोन शब्दांत तो कधी चुकत नसे.

दोन्ही राजांच्या आजोबांनी याच धूर्जटासमोर तह केला होता. खालचे मीठ वर जाईल त्यावर जकात नाही, वरचा साग खाली येईल त्यावर जकात नाही, आणि ही सवलत तिसऱ्या कोणाला नाही. दोन पिढ्या तह सुरळीत चालला. मग एका वर्षी तो मोडला. खालचे म्हणत तो वरच्यांनी मोडला, वरचे म्हणत खालच्यांनी. ते भांडण ऐकून ऐकून धूर्जट संतापला. त्याने तहाचा ताम्रपट हातात घेतला, वाळल्या पानासारखा मुठीत चुरगळला आणि शाप दिला.

"या दरवाजातून जाईल त्या मिठाची वाळू होईल. येईल त्या सागाचा कोळसा होईल. दोन्हीकडचे दूत माझ्यासमोर बसून तीन कामे पुरी करतील, त्या दिवशी शाप सुटेल. जो दूत खोटे बोलेल तो उभ्या जागी दगड होईल."

या गोष्टीला नऊ वर्षे झाली. या काळात खालून तीन दूत गेले, वरून तीन दूत आले. सगळे मोठे विद्वान, बोलण्यात पटाईत. सहाच्या सहा जण दगड होऊन गुहेच्या दाराशी उभे होते. कोणाचा हात उगारलेला राहिला होता, कोणाचे तोंड उघडेच राहिले होते.

खिंडीच्या पायथ्याशी, खालच्या राज्याच्या हद्दीत, जकातनाका होता. तिथली नाकेदारीण शर्वाणी ही पन्नाशीला आलेली, कमी बोलणारी बाई होती. नऊ वर्षांत नाक्यावरून एकही बैल गेला नव्हता. तरी ती रोज सकाळी अडसर काढी, संध्याकाळी घाली. तिचा नवरा सोमाजी मासेमारीच्या होडीचा तांडेल होता. साग मिळेनासा झाल्यावर कोळ्यांनी हलक्या लाकडाच्या होड्या बांधल्या. ते लाकूड तीन पावसाळ्यांत कुजे. अशाच एका होडीतून सोमाजी गेला तो परत आला नाही. त्या दिवसापासून शर्वाणी वरच्या राज्याच्या दिशेला पाठ करून बसत असे.

एके दिवशी राजा रत्नांगदाने तिला बोलावले. दरबारात एकही मंत्री खिंडीत जायला तयार नव्हता.

राजा म्हणाला, "शर्वाणी, तू कधी खोटी नोंद केली नाहीस असे सगळे सांगतात. तुला दूत म्हणून पाठवतो आहे. एकच ध्यानात ठेव. आमची चूक झाली, हे शब्द तोंडून काढायचे नाहीत."

शर्वाणीने विचारले, "आणि चूक झाली असेल तर, महाराज?"

राजा खिडकीतून समुद्राकडे पाहत राहिला. शर्वाणीने मुजरा केला आणि ती निघाली.

वाटेत तिचे पाय जड झाले होते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर तिला स्वतःला ठाऊक होते. तह मोडला त्या वर्षी ती बंदराच्या नाक्यावर होती. पूर्वेच्या बेटांवरून हलक्या लाकडाने भरलेली गलबते येऊ लागली होती, आणि एके दिवशी दरबारातून गुपचूप हुकूम आला की या लाकडावर जकात घेऊ नये, आणि कोणाला सांगू नये. हुकमावर शिक्का कोणाचा होता ते तिने पाहिले होते. गलबते सोडली होती ती तिच्याच हाताने. नऊ वर्षे ती हे कोणाशी बोलली नव्हती. सोमाजीशीही नाही.

गुहेत पोहोचली तेव्हा वरच्या राज्याचा दूत आधीच येऊन बसला होता. दृढवर्मा त्याचे नाव. म्हातारा होता, अंगाने उंच होता, आणि उन्हाळ्याचे दिवस असूनही त्याने गळ्याभोवती लोकरीचे उपरणे घट्ट गुंडाळले होते. त्याने हात जोडले, तिनेही जोडले. दोघांनीही एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले नाही. धूर्जट एका शिळेवर बसला होता. नीलपंख छताच्या कपारीत बसून चोचीने पिसे साफ करत होता.

"पहिले काम," धूर्जट म्हणाला. "तह आधी कोणी मोडला ते सांगा."

शर्वाणी उठून उभी राहिली. निघताना दरबारातून पढवलेले वाक्य तिला पाठ होते. तिने सुरुवात केली, "आमच्या महाराजांनी आजोबांचा शब्द..." आणि तिच्या पायाच्या बोटांना गार लागले. तिने खाली पाहिले. दोन्ही अंगठे करडे झाले होते. गारठा घोट्याकडे चढू लागला होता. दाराशी उभ्या असलेल्या दगडी दूतांपैकी एक जण याच वाक्यावर थांबला असणार, हे तिला तेव्हा कळले.

तिने वाक्य अर्धे सोडले आणि खाली बसली. मग बसूनच, नाक्यावर नोंद सांगावी तशा आवाजात, तिने सगळे सांगितले. कोणत्या महिन्यात हुकूम आला, किती गलबते सोडली, ती कोणी सोडली.

"तह आमच्याकडून मोडला," ती म्हणाली. "आणि मोडणाऱ्यांत मी होते. त्याच लाकडाच्या होडीत माझा नवरा बुडाला. इतकी वर्षे मी दोष यांना देत आले."

"खरे," कपारीतून नीलपंख म्हणाला.

तिच्या पायात ऊब परतली. राजाची आज्ञा मोडली होती, परत गेल्यावर काय होईल ते दिसतच होते, तरीही तिला फार दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

तिच्या बोलण्याने दृढवर्माचा पक्ष जिंकला होता. त्याला फक्त मान हलवायची होती. पण त्याने हात वर करून थोडे थांबायला सांगितले आणि घोगऱ्या आवाजात तो बोलू लागला. ज्या महिन्यात ती गलबते सुटली, त्याच्या आदल्याच महिन्यात वरच्या दरबारात मिठाच्या बैलांवर पूलपट्टी बसवून ती घ्यायला सुरुवात झाली होती. जकात म्हणायचे नाही, पूलपट्टी म्हणायचे, म्हणजे तह मोडला असे होणार नाही. ही युक्ती त्यानेच राजाला सुचवली होती.

"त्या वाटेवर पूल कुठे आहे?" शर्वाणीने विचारले.

"नाही," दृढवर्मा म्हणाला. "एकही नाही."

"खरे," नीलपंख म्हणाला.

धूर्जटाच्या मिशा किंचित हलल्या. पहिले काम झाले, असे त्याने सांगितले. दोन्ही दूतांनी त्या दिवशी प्रथमच एकमेकांकडे नीट पाहिले.

दुसरे काम असे होते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या राज्यात तीन दिवस राहायचे, आणि परत येऊन त्या राज्याला काय हवे आहे ते त्यांच्या वतीने मागायचे. स्वतःसाठी काहीही मागायचे नाही. मागणी चुकली तर खिंड कायमची मिटेल.

शर्वाणी वर गेली. जंगलातल्या पहिल्याच गावात तिला एका घरी उतरवून घेतले. घरधनीण बाहुली नावाची होती. तिचा गळा पुढून लोंबत होता, जणू आत एखादे फळ अडकले आहे. शर्वाणीने नजर वळवली तर शेजारणीचा गळाही तसाच. पाणवठ्यावर गेली तर तिथे दहांतल्या सहा बायका तशा. मीठ बंद झाल्यापासून गळे असे सुजू लागले, असे त्यांनी सांगितले. जेवायला भात होता, रानभाजी होती, मध होता, आणि कशातही मीठ नव्हते. राखेचे पाणी घालून त्यांनी चव आणायचा प्रयत्न केला होता. शर्वाणीला घास गिळवेना. बाहुलीने ते पाहिले आणि ती माफी मागू लागली. आम्ही पाहुण्याला असे जेवण देत नसू हो, असे ती पुन्हा पुन्हा म्हणाली. शर्वाणीने खाली मान घालून सगळा भात संपवला.

पण तिचे लक्ष वेधले ते गाईगुरांनी. दुपारी गुरे घरांच्या भिंती चाटत होती. माणसांच्या घामाने भिजलेल्या काठ्या चाटत होती. ओढ्याकाठी एका म्हाताऱ्या गुराख्याने तिला सांगितले की पूर्वी खालून पांढरे मीठ येई, ते माणसांपुरते होई, गुरांना त्यातले मिळत नसे. महाग पडे. गुरांना कसलेही चालले असते, चिखलाचे, काळे, खड्यांचे. पण तसे कोणी आणलेच नाही. शर्वाणी दगडावर बसली. तिच्या मिठागरांत तळाचे काळे मीठ दर हंगामात उचलून खाडीत फेकून देत.

त्याच तीन दिवसांत दृढवर्मा खाली गेला होता. तो कोळ्यांच्या आळीत राहिला. किनाऱ्यावर उपड्या पडलेल्या होड्या त्याने पाहिल्या, त्यांची ठिगळे बोटांनी चाचपली. सोमाजीच्या वयाची माणसे त्या आळीत फारशी उरली नव्हती. एका सुताराने त्याला होडीच्या आत उतरवले आणि फासळ्या दाखवल्या. सरळ लाकूड कापून फासळी केली की ती लाटेने मोडते, सुतार सांगत होता. फासळीला झाडावरच वाकलेली फांदी लागते. पूर्वी वरून सरळ ओंडके येत, तहात तेवढेच लिहिले होते. वाकड्या फांद्यांचे काय करता तुम्ही, असे त्याने विचारले. वरच्या राज्यात त्या फांद्या चुलीत घालत.

चौथ्या दिवशी दोघे गुहेत आले. शर्वाणीने उभे राहून वरच्या राज्याच्या वतीने मागणी केली. माणसांना पांढरे मीठ हवेच, पण गुरांना काळे मीठ हवे, आणि ते पावसाळ्याच्या आधी पोहोचायला हवे, कारण नवे गवत आल्यावर गुरांना त्याची गरज सर्वांत जास्त. बोलताना बाहुलीचा भात तिला आठवत होता.

दृढवर्माने खालच्या राज्यासाठी वाकड्या फांद्या मागितल्या. ओंडक्यांप्रमाणेच जकातीशिवाय, आणि सुतारांनी स्वतः येऊन झाडावरून निवडून घ्याव्यात अशा. हे बोलून झाल्यावर त्याने हळूहळू गळ्याभोवतीचे उपरणे सोडले. त्याचाही गळा सुजलेला होता. शर्वाणीने नजर वळवली नाही.

"खरे," नीलपंख म्हणाला. आणि जरा थांबून, जणू दुसऱ्या मागणीसाठी वेगळे, पुन्हा म्हणाला, "खरे."

आता तिसरे काम राहिले. धूर्जटाने कोरा ताम्रपट समोर ठेवला आणि लोखंडी लेखणी दिली. तह लिहा, एवढेच तो म्हणाला. ताम्रपटाचा गुण असा होता की दोघांनाही मनापासून मान्य असेल तेच अक्षर त्यावर टिके. बाकीचे पाण्यासारखे निथळून जाई.

मीठ आणि सागाची कलमे पहिल्या दमात टिकली. काळे मीठ, वाकड्या फांद्या, तीही टिकली. दोघांना हायसे वाटले. मग पूर्वेच्या बेटांची गोष्ट आली. शर्वाणीने लिहिले की बेटांच्या लाकडाची सवलत चालू राहील. अक्षरे निथळली. दृढवर्माने लिहिले की ती सवलत बंद होईल. तीही निथळली, कारण शर्वाणीला ठाऊक होते की बेटांवरून लाकडाबरोबर तांदूळही येतो, आणि तो बंद झाला तर बंदरातली माणसे उपाशी राहतील. दोघे वाद घालू लागले. सकाळ गेली, दुपार कलली. एकदा दोघेही एकाच वेळी उठून गुहेबाहेर निघाले, आणि दारातल्या दगडी दूतांना पाहून दोघेही परत येऊन बसले.

शर्वाणीने ताम्रपटाकडे पाहत विचार केला. गलबते सोडल्याने बाहुलीचा गळा सुजला नव्हता. ती गुपचूप सोडली, हे वरच्यांना झोंबले होते. पूलपट्टी खोट्या नावाने घेतली, हे खालच्यांना झोंबले होते.

"तुमच्या राजाने मनात आले ते उघड सांगितले असते, तर?" तिने विचारले.

"तर आमचे भांडण झाले असते," दृढवर्मा म्हणाला. "आठवडाभर. फार तर महिनाभर."

तिने लेखणी उचलली आणि लिहिले, 'दोहोंपैकी कोणाला तिसऱ्यास सवलत द्यायची असेल, किंवा नवी पट्टी बसवायची असेल, त्याने आधी या खिंडीत येऊन दुसऱ्यास सांगावे. दुसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम काढू नये.' दृढवर्माने वाचले. ओठ हलवत दुसऱ्यांदा वाचले. अक्षरे तांब्यात खोल बसली आणि तशीच राहिली.

आता दोन्ही राजांच्या मुद्रा तेवढ्या उरल्या.

राजे आपापल्या बाजूने खिंडीत आले. दृढवर्माचा राजा तरुण होता. त्याने ताम्रपट वाचला, आपल्या म्हाताऱ्या दूताच्या उघड्या गळ्याकडे पाहिले आणि मुद्रा उमटवली. रत्नांगद मात्र वाचता वाचता थांबला. त्याने शर्वाणीला बाजूला बोलावले.

"ते शब्द तू बोललीस?"

"बोलले, महाराज. पहिल्याच बैठकीत."

"काय झाले मग?"

"माझे पाय दगडाचे होत होते ते पुन्हा पाय झाले."

राजा दरवाजाच्या कोनाड्यात टेकून उभा राहिला. त्याचे खांदे खाली आले. हे शब्द कोणी उच्चारले तर राज्य जाईल असे आपण समजत होतो, असे त्याने सांगितले, आणि नऊ वर्षांत किनाऱ्यावर एकदाही गेलो नाही, असेही सांगितले. शर्वाणीने मान हलवली. राजाने मुद्रा काढली. त्याने दोन्ही हातांनी ती ताम्रपटावर दाबली.

मग मिठाचे पहिले पोते शर्वाणीने स्वतः पाठीवर घेतले. दरवाजाच्या उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली. दोन्हीकडची माणसे श्वास रोखून उभी होती. तिने उंबरा ओलांडला, पोते खाली ठेवले आणि तोंडाची दोरी सोडली. आत मीठ होते. पांढरे, खड्याचे, थोडेसे ओलसर मीठ. दृढवर्माने दोन खडे उचलून जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. त्याच्या गालावरून पाणी ओघळले, ते पुसायचेही त्याने मनात आणले नाही.

वरून सागाचा ओंडका आला. उंबरा ओलांडूनही तो सागच राहिला.

गुहेच्या दाराशी सहा दगडी दूत अंग झटकून जागे झाले. त्यांतल्या एकाचे उघडे राहिलेले तोंड चालू झाले आणि तो म्हणाला, "...कधीही मोडला नाही." बाकीच्या पाच जणांनी त्याला गप्प केले. मग सगळे गुडघे चोळत आपापल्या वाटेला लागले. घरी मधल्या वर्षांत मोठी झालेली मुले त्यांची वाट पाहत होती.

धूर्जट दरवाजाशी आला. आता त्याला इथे बसून राहायचे कारण नव्हते. शर्वाणीने त्याला विचारले, शाप देताना तुम्हाला काही वाटले नाही का. तो म्हणाला, वाटले. पण शाप परत घेणे त्याच्याही हाती नव्हते, आणि नऊ वर्षांत त्याला कोणी जेवायला बोलावले नव्हते. तेव्हा तिथेच चूल मांडली गेली. दोन्ही राजे, दोन्ही दूत आणि जादूगार एका पंगतीला बसले. जेवण साधेच होते. आमटीत मीठ जरा जास्त पडले होते आणि त्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. नीलपंखाने भाताची चार शिते उचलली आणि कोणी काही विचारले नसताना म्हणाला, "खरे."

पुढचा महिना शर्वाणीला उसंत मिळाली नाही. काळ्या मिठाचे बैल वर गेले, पावसाच्या आधी. वाकड्या फांद्या खाली आल्या आणि सुतारांच्या आळीत पहाटेपासून लाकूड तासणाऱ्या वाकसांचे आवाज सुरू झाले. बाहुलीने मधाचा बुधला पाठवला आणि निरोप पाठवला की आता जेवायला या, आता लाज वाटणार नाही. शर्वाणी गेली आणि दोन दिवस राहिली.

परत आली तो नाक्यावर बैलांची रांग लागलेली होती. उन्हाने तापलेले बैल हाकणारे ओरडत होते. सगळ्यांत पुढचा तिला म्हणाला, बाई, कधीचे थांबलोय, अडसर काढा आता, आमची वेळ चाललीय. मागून दुसरा म्हणाला, नाकेदारीण आहे की पाहुणी आहे. शर्वाणीने पदर खोचला. असे कोणी तिच्यावर ओरडून नऊ वर्षे झाली होती. तिने दोन्ही हातांनी अडसर उचलला, बाजूला ठेवला आणि हसत हसत पहिल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला पुढे सोडले.

ज्याच्या घरी मीठ आहे आणि ज्याची होडी सुखरूप परत येते, त्याने ही कथा ऐकली असे समजावे.